शाम्पूच्या बाटलीवरच्या खाचा

शुक्रवार, संध्याकाळी सहा. कोतो, टोकियो.

आज डिक्शनरीत सापडलं की इंग्रजांचा शाम्पू हिंदीतल्या ‘चांपो’वरून आलाय. म्हणजे आपलं चेपणंच की. साबणाचा फेस नंतरचा. एवढा आनंद झाला, पण सांगू कुणाला? मुलगा-सून ऑफिसात.

नात शाळेतून आली तेव्हा तेलाची वाटी कोमट करून बसलेच होते. म्हटलं, “इरा, ये, डोकं चेपून देते. शाम्पूचा मूळ अर्थ तोच, माहितेय?”

“नो थँक्स, आजी. तेलाचा वास येतो. वर्गात सगळे हसतात.” आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

चुकलं का माझं?

मग आंघोळीला गेले. इथे शाम्पूच्या बाटलीला कडेनं बारीक खाचा असतात, कंडिशनरला नसतात. मी नवीन आले तेव्हा इरानंच माझं बोट धरून त्या दाखवल्या होत्या. “आजी, आता डोळे मिटूनही कळेल तुला.” आज बोट त्या खाचांवरच फिरत राहिलं. शेवटी माझं डोकं मीच चेपलं.

वाटी गार झालीय. पण त्या शब्दात तेल आहे कुठे? नुसतं चेपणं आहे. उद्या तिला सुट्टी. वाटी न घेताच विचारीन.