विहिरीच्या तोंडाशी टावरचा पाय

फोन पाच डाव लावला. पाची डाव त्यातली बाईच बोलली, की आपण ज्याला फोन केलाय तो उत्तर देत न्हाय. ती बाई तुझ्यापेक्षा गोड बोलती, पण तिला आपल्या रानातलं काय ठाव? म्हणून कागद घेतला. तिसरीपर्यंत शाळा केली ती आज कामाला आली.

चिरंजीव बिरुदेवास अक्काचा आशीर्वाद. माझ्या भावजयीचा, मल्लव्वाचा, गुडघा कसा हाय? तेल चोळती का नुसती बाटलीकडं बघत बसती? वैरागची हवा तुला मानवली असंल. भांडून गेलेल्या माणसाला कुठलीबी हवा मानवती. माझं बरं हाय. डावा कान तेवढा गेला, तो तुझ्या ओरडण्यानं गेला असं मी सगळ्यांना सांगते.

तू बांधावर नाचून गेलास त्याला आज बारा दिवस झाले. (नाचलास म्हणजे खरंच नाचलास. विजेच्या लाईनीच्या पोरांनी मोबाईलात घेतलंय, मी दोनदा बघितलं.) तुझ्या रानात टावरसाठी मारलेली चुन्याची फक्की अजून तशीच हाय. टावरचे तीन पाय ज्वारीत, अन् चौथा बाच्या विहिरीच्या तोंडाशी. ज्वारी हुरड्यात आलीय, ती जाईलच, पण विहीरबी बुजवावी लागंल म्हणतात. शनिवारी खोदायचं मशीन येणार. तुझं म्हणणं असं, की अक्कानं साहेबाला चहा पाजून टावर स्वतःच्या माळावरनं तुझ्या रानात ढकलला. चहा पाजला हे खरं. पण चहावर एवढं लोखंड हलत असतं तर मी ते कर्नाटकात घालवलं असतं.

चहा पाजला तो इचारपूस करायला. हे महेश्वर साहेब म्हणजे लाईनीचा मोठा माणूस, दिसायला बारका, पण त्याला सगळं ठाव. मी इचारलं, ही वीज जाती कुटं? तो म्हणाला, तिकडं उन्हावर वीज करत्यात, ती लांबच्या शहरांना आन् कारखान्यांना न्यायची. जुन्या तारांना भार पेलंना, म्हणून साऱ्या देशाच्या तारा नव्यानं घालायच्या चालल्यात. (ऊन आपल्याकडं काय कमी हाय व्हय? ते नेलं तर मी आडवी पडणार न्हाय.) मग इचारलं, याचा खर्च कोण करतं? आधी कंपनी करती, मागनं थोडा थोडा सगळ्यांच्या बिलातनं निघतो म्हणाला. म्हणजे त्या तारेतला एक दोरा माझाबी हाय की. साहेब हसला, व्हय म्हणाला. तवा मी खरं इचारलं.

"मग माझ्या घरातला बलब सांजच्याला सातला का जातो?"

साहेब आधी इंग्रजीत बोलला, मग त्यानं कालव्याचं उदाहरण दिलं. मोठ्या कालव्यातनं कुणी थेट रानात पाणी घेत न्हाय, फाटा काढावा लागतो; ही मोठी वीज तशीच, ती आधी उतरवून लहान करावी लागती. पटलं मला. म्हटलं, मग आमचा फाटा कवा? ते दुसऱ्या ऑफिसात, म्हणाला. (बिरुदेव, ह्या देशात जे आपल्या कामाचं असतं ते दुसऱ्या ऑफिसात असतं.) पण माणूस सरळ. वढ्यापल्याडच्या जुन्या लाईनीखाली मला घेऊन गेला. उजवा कान वर करून ऐकलं, मोहोळागत गुणगुणती. खाली मेंढरं चरली तर चालतंय, फक्त उंच झाड लावायचं न्हाय. मेंढरांना तर कायच वाटंना. एक बकरं तारंकडं बघून मुतलं.

तर मुद्दा असा. परवा साहेबानं जागा मोजायचं, आभाळाकडं बघणारं यंत्र आणलं, तुझ्या रानात ठेवलं आन् कपाळाला हात लावला. टावरची खूण म्हणून ठोकलेली लोखंडी खुटी जागेवर न्हाय. खरी जागा ऐंशी पावलं अलीकडं, माझ्या माळावर, जितं गवतबी लाजून उगवतं. मागच्या मोजणीच्या पोरांनी खुटी तितंच ठोकली असं त्याच्या वहीत हाय. गड्यांनी खुटी दिसली तितं फक्की मारली. साहेब मला म्हणाला, आजी, खुटी चालत जात न्हाय. मी म्हटलं, बरोबर हाय. आणि त्याला आणखी एक कप चहा दिला.

माळावर टावर आला तर माझी हरकत न्हाय. विहीर वाचली म्हणजे झालं. राग सोड, आन् मल्लव्वाला जप.

तुझी अक्का,
केराबाई

ता. क. खुटी मीच उपटली. वैशाखात तुझ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती ते आठवतंय का? त्याआधी ती माझ्या माळावर बसली होती. रोज मेंढरांभोवतीची जाळी काढायची, खुट्या उपटायच्या, पुढं ठोकायच्या. चाळीस वर्षांत हात कधी बघून चालला न्हाय. बाभळीच्या खुट्यांत एक लोखंडी निघाली, वर तांबडी चिंधी. चिंधी एडक्याच्या गळ्यात बांधली. खुटी लई कामाची निघाली, म्हणून रोज पुढं नेली. विहिरीजवळ शेवटचा मुक्काम पडला तवा भुई उन्हानं आवळली होती, ती काय निघंना. सोडून आले. तू नाचत होतास तवा मला हे आठवलं, म्हणून मी हसले. तुझ्या नाचाला हसले न्हाय. थोडं त्यालाबी हसले.

ता. क. दुसरा. जागा बदलायच्या कागदावर दोन्ही रानांच्या मालकांची सही लागती, साहेबासमोर, बांधावर उभं राहून. शुक्रवारी सकाळी दहाला. एक जरी आला न्हाय तर शनिवारी मशीन फक्की दिसंल तितं खोदणार, विहीर गेली म्हणून समज. तेव्हा यायचं, सही करायची, आन् खुटीचं तोंडातनं काढायचं न्हाय. साहेब मला शहाणी समजतो, त्याचा समज माझ्या मरणापर्यंत टिकू दे. आन् टावरच्या जागेचे पैसे माळाच्या मालकिणीला मिळतात, हे आत्ताच सांगून ठेवते.

ता. क. तिसरा. पत्र वैरागच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देते, परतीच्या गाडीला तो जबाब घेऊन येईल. जबाब मल्लव्वानं लिहायचा. तू लेखणीला हात लावायचा न्हाय. तू तीन पानं भांडशील आन् शुक्रवारी येणार का ते लिहायचं विसरशील.