उजव्या अंगठ्याबाबतचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईंच्या चरणी साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या सद्यःस्थितीत प्रत्यक्ष भेटीत पाच अंगांचाच नमस्कार शक्य आहे, उरलेली तीन अंगे या कागदावरच स्वीकारावीत.) आपला डावा खांदा आता आटोक्यात असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. उजव्या अंगठ्याचा अपवाद वगळता तक्रारीस जागा नाही, आणि त्या अंगठ्याचा विषय ओघाने येईलच. अक्षर वाकडे वाटल्यास त्याचा दोषही त्याच्याकडेच जातो.

मी अभिलेख-कक्ष पेटवून दिला अशी बातमी आपल्यापर्यंत पोहोचल्याचे परवाच्या आपल्या दूरध्वनीवरून समजले. "भाऊजी, पुरे झाला हा एकटेपणाचा हट्ट. रविवारी गाडी घेऊन येते, चार कपडे भरून ठेवा," असे आपण म्हणालात आणि माझे उत्तर सुरू होण्याआधी फोन ठेवून दिलात. ते उत्तर आता लेखी देत आहे. त्यात दोन विनंत्या आहेत. पहिली, गाडी आणू नये. दुसरी, गेले सात महिने आपण मला रोज करीत असलेला दूरध्वनी कृपया बंद करावा. भावना पोहोचतात, परंतु त्यास वेळेचा धरबंध नसतो, आणि सकाळी साडेआठ वाजता "जेवलात का?" या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर आपण काळजी करता व खोटे देणे माझ्या स्वभावात नाही.

आता घटनेकडे वळतो. आपल्या धाकट्या बहिणीने त्या संस्थेत एकतीस वर्षे जुन्या कागदपत्रांची सूची केली, हे आपण जाणताच. प्रत्येक कागदासाठी एक कार्ड, शाईच्या पेनाने, स्वहस्ते. अशी अडतीस हजार कार्डे एका कपाटात आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. ही गेली तेव्हा शेवटच्या खणातली चारशे बारा कार्डे कच्च्या टिपणांच्या रूपात उरली होती. हिचे टिपणांतले अक्षर जगात दोनच व्यक्तींना वाचता येत असे, त्यांपैकी एक हयात असल्याने संस्थेने मला बोलावले. मी रोज अकरा ते पाच जातो. सुरुवातीला दिवसाला सहा कार्डे होत. घाईत काम बिघडते, म्हणून हल्ली दोनवर आलो आहे.

खोलीच्या काचेच्या दाराबाहेर भिंतीवर एक लाल लोखंडी पेटी आहे. तिला पॅनेल म्हणतात. छतावरचे स्मोक डिटेक्टर या पेटीस खबर देतात, आणि छताखालून गेलेल्या स्प्रिंकलरच्या नळांत पाणी सोडायचे की नाही हे ती ठरवते. इतर इमारतींत हे नळ पाण्याने भरलेलेच असतात. आमच्या खोलीत त्यांत नुसती हवा असते, कारण कागदाच्या दृष्टीने आग आणि पाणी यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. म्हणून या पेटीचा स्वभाव सावध ठेवलेला आहे. एका डिटेक्टरने ओरड केली तर ती घंटा वाजवते, पण पाण्याला हात लावीत नाही. एकट्याच्या सांगण्यावर ती विश्वास ठेवीत नाही. (हा गुण आपल्या नातेवाइकांत असता तर हे पत्र लिहावे लागले नसते.) दुसऱ्या रांगेतल्या डिटेक्टरने दुजोरा दिला की मात्र साठपासून उलटी मोजणी सुरू होते आणि शून्यावर नळांत पाणी सुटते. त्यानंतरही ते खाली पडत नाही. खऱ्या आगीच्या उष्णतेने तोटीतली काचेची नळी फुटावी लागते. व्यवस्था निर्दोष आहे. दुर्दैवाने आमच्या नळाचा एक सांधा गळका होता, आणि तो नेमका कार्डांच्या कपाटावर होता. हिने त्याविषयी नऊ अर्ज केले होते. नवांनाही "नोंद घेतली आहे" असे उत्तर आले. (नोंद घेण्यात ती संस्था खरोखरच तरबेज आहे.) थोडक्यात, नळांत पाणी आले असते तर ते कोणत्याही आगीची वाट न पाहता कार्डांवर आले असते.

गेल्या मंगळवारी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, "किरकोळ" या चिठ्ठीमागे, मला एक विजेची किटली सापडली. शेजारी दोन कप आणि साखरेची बाटली. अभिलेख-कक्षात उष्णतेचे कोणतेही साधन वापरण्यास सक्त मनाई आहे. दारावरची ती सूचना हिच्याच अक्षरात आहे. मी काही वेळ किटली आणि सूचना आळीपाळीने पाहत राहिलो. त्यानंतर मी जे केले त्याचे समर्थन करीत नाही. दुपारचे चार वाजत आले होते आणि घरी आमचा चहा नेहमी चार वाजता होत असे, एवढेच नमूद करतो.

किटली हिने कोठे ठेवली असेल याचा विचार मी केला. खिडकी योग्य होती, परंतु खिडकी उघडण्यास मनाई आहे (एकाच दिवसात दोन नियम मोडणे मला प्रशस्त वाटले नाही). म्हणून मी ती दाराजवळच्या टेबलावर ठेवली. टेबल डिटेक्टरच्या बरोबर खाली होते. वाफ वर गेली, घंटा झाली. माझ्या जागी कोणीही समंजस माणूस किटली तेथून हलवील, मीही हलवली. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या कपाटामागे नेऊन पुन्हा बटण लावले. दुसऱ्या रांगेतला डिटेक्टर तेथेच आहे हे मला नंतर कळले. पेटीला हवा होता तो दुजोरा मीच स्वतः नेऊन पोहोचवला.

मोजणी सुरू झाली तशी मी बाहेर आलो. पेटीशेजारी एक पिवळे बटण आहे. ते दाबून धरले की मोजणी थांबते. सोडले की जेथे थांबली असेल तेथून पुढे चालू होते. मी ते एकेचाळीसवर दाबले. पहारेकरी जिन्यावरून धावत आला, घंटेचा आवाज त्याने बंद केला आणि काचेतून आत पाहिले.

"काका, आग कुठंय?"

मी म्हणालो, आग नाही.

"मग हे कशानं बोंबलतंय?"

मी म्हणालो, घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्याने पॅनेलची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना फोन लावला आणि तो माझ्या कानाशी धरला. बाई वाटेत होत्या. पोहोचायला पाऊण तास लागेल म्हणाल्या. पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हला कुलूप होते आणि किल्ली घेऊन संस्थेचे साहेब रजेवर होते. आवाज बंद झालाच आहे, तर पेटी पूर्ववत करता येईल का, असे मी विचारले.

"आवाज बंद केला म्हणजे कारण गेलं असं नसतं, काका. आत धूर नाहीतर वाफ आहे तोवर ती ऐकणार नाही. नीट आठवा, आत काय चालू आहे?"

ताई, येथे मी आयुष्यात प्रथमच शासकीय वा निमशासकीय चौकशीत माहिती दडवली. हिच्या एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही ठपका नाही. किटली म्हटले असते तर तो पडला असता, आणि खुलासा करायला ती नाही. "काही विशेष नाही," असे मी म्हणालो. बाईंनी "मग बटण सोडू नका" एवढेच सांगितले.

मी सोडले नाही. एकदा शिंक आली, तीत सव्वीसपर्यंत गेलो. एकदा चष्मा घसरला; तो सावरण्याची किंमत अकरा सेकंद पडली. पहारेकरी म्हणाला, "सरका काका, मी दाबतो, तुम्ही बसा." परंतु हस्तांतरात दोन अंगठे एका बटणावर मावेनात आणि आम्ही आठ सेकंद गमावले. आकडा सातवर आला. दरम्यान मी (वजनमापे कार्यालयातली छत्तीस वर्षे) असा हिशेब केला होता की दीड लिटर पाणी उकळून आटायला फार तर अर्धा तास लागेल. किटली जुनी आहे, आपोआप बंद होत नाही. ती आटली की कोरडी तापेल, आणि मग पेटीचे म्हणणे सर्वार्थाने खरे ठरेल. सत्तावीस मिनिटे झाली होती. एका बाजूला हिचे सेवापुस्तक होते आणि दुसऱ्या बाजूला हिचे अक्षर.

मी पहारेकऱ्यास म्हणालो, शेवटच्या कपाटामागे एक किटली चालू आहे. ती माझी आहे. मी ती आजच घरून आणली.

"ती होय!" तो म्हणाला. "अहो, ती आपल्या कार्डांच्या बाईंची. मला रोज अर्धा कप असायचा. साहेबांना बिनसाखरेचा. पण बाई खिडकीत ठेवायच्या, काका. खिडकी उघडून."

त्याने जाऊन तार काढली, खिडकी उघडली. वाफ गेल्यावर तंत्रज्ञ बाईंनी फोनवरून सांगितलेली कळ त्याने दाबली, पेटी शांत झाली, आकडा पुसला गेला. कार्डांवर एक थेंबही पडला नाही. मला "आता सोडा" असे तीनदा सांगावे लागले. अंगठा ऐकत नव्हता.

तंत्रज्ञ बाई आल्यावर त्यांनी पॅनेलची स्मृती उघडून मला दाखवली. सांध्यातून हवा गळत असल्याने ते रोज कुरकुर करी. कोणी गप्प केले की बरोबर चोवीस तासांनी पुन्हा. "बघा, तीन वर्षं. रोज चार वाजता कुणीतरी आवाज बंद केलाय. एक दिवस चुकलेला नाही." पहारेकरी म्हणाला, सुट्टीच्या दिवशी तो दाबे, इतर दिवशी कार्डांच्या बाई, आणि बाई उठल्याच आहेत तर चहा. बाई गेल्यापासून रोज तोच दाबत होता. घरी रविवारीही ही चारच्या ठोक्याला उठे. मी तीन वर्षे त्याला शिस्त समजत होतो आणि चारचौघांत तिची उदाहरणे देत होतो. या सात महिन्यांतही चार वाजता दाराबाहेर काही चिवचिवून थांबत असे. मी तो पक्षी समजलो होतो.

सांधा त्याच दिवशी बदलण्यात आला. नऊ अर्जांनी जे साधले नाही ते एका किटलीने साधले. तरी मी काहीही पेटवलेले नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : अंगठा अजून वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, धरून ठेवण्याची सवय जाईल हळूहळू.

ता. क. : किटली संस्थेने मला परत केली. सोबतच्या पत्रात "श्रीमतींची वैयक्तिक मालमत्ता" असे लिहून खाली साहेबांची सही आहे. ठपका नाही. ती मी घरी खिडकीत ठेवली आहे. खिडकी उघडी असते.

ता. क. : सांधा दुरुस्त झाल्यापासून पॅनेल चार वाजता वाजत नाही. काल साडेपाचपर्यंत मी तेथेच बसून होतो, हे पहारेकऱ्याने सांगितले तेव्हा कळले. तेव्हा वरील दुसरी विनंती मी मागे घेत आहे. दूरध्वनी करावा, परंतु दुपारी बरोबर चार वाजता. "जेवलात का?" चालेल. पहिल्या काही घंटांना मी उचलणार नाही. त्याचा काही अर्थ लावू नये. मी उचलीपर्यंत मात्र सोडू नये.