अकरा तिकिटांची गाडी

मैलापूर, चेन्नई
शुक्रवार

तीर्थरूप माधवमामांच्या चरणी हेरंबचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार शब्दशः घ्यावा. मंगळवारपासून पाठ अशी धरली आहे की मी आडवाच आहे. डॉक्टर म्हणतात, पाठीला काही झालेलं नाही, ही भीती आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी गोड सोडल्याचं कळलं. त्यांच्यासमोर बासुंदीचं नाव काढू नका. मिरजेला हवा तरी बरी असेल. इथे सारखा घाम येतो, पण त्यातला उकाड्याचा किती आणि माझा किती, हे सांगता येत नाही.

तुम्ही रेल्वेत चाळीस वर्षं काढलीत आणि मी सव्वीस वर्षं मोटारींचे ब्रेक विकले. गेल्या जूनमध्ये या उपनगरी रेल्वे महामंडळाने मला खासगी कंपनीतून उचलून थेट संचालकाच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा तुमच्या भाचेसुनेने, म्हणजे प्रमोदिनीने, सगळ्या गोतावळ्याला फोन करून कळवलं की आता रेल्वे आमचीच. सरकारी पैशावर चालणारी तोट्यातली रेल्वे बाजारातला माणूस सुधारणार, असं पेपरात फोटोसकट आलं. मलाही ते खरं वाटलं. (फोटोत मी चांगला येतो.)

खरं सांगू? पहिल्या दिवसापासून माझी टरकली होती. कंपनीत मी मूर्खपणा केला तर चारजण तोंडावर सांगायचे. इथे काहीही बोललो की 'येस सार'. एकदा गंमत म्हणून म्हणालो, डब्यांना पडदे लावू या. तिसऱ्या दिवशी टेबलावर कापडाचे नमुने! तेव्हापासून मी ऑफिसात मोठ्याने विचार करत नाही. शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन येताना दिसला तरी मी फोन कानाला लावून बसतो. साहेबाला विरोध तोंडाने करायचा नाही, तो फायलीत टिपण म्हणून लिहायचा आणि साहेबाने तो वाचायचा, ही इथली रीत. मला ती कोणी सांगितली नाही. (बहुधा तीही कुठल्यातरी फायलीत लिहून ठेवलेली असेल.)

तर झालं असं. पहाटे सव्वाचारला आमची एक आठ डब्यांची गाडी सुटते. महिन्याभरात तिची तिकिटं किती खपली? अकरा! मी मीटिंगमध्ये म्हणालो, या अकरा जणांना हार घालून टॅक्सीने पाठवलं तरी स्वस्त पडेल. सगळे हसले. 'येस सार.' फाईल आली, मी शेवटचं पान उघडलं, सही ठोकली आणि सोमवारपासून गाडी बंद. मामा, तुम्ही एव्हाना कपाळावर हात मारला असेल. त्या गाडीने आमचेच ड्रायव्हर आणि गार्ड डेपोत येतात. त्यांना पास असतो, ते तिकीट कशाला काढतील? बाकीच्या सगळ्या गाड्या चालवणारी माणसं मी घरच्या स्टेशनावर उभी ठेवली होती.

आणि नेमका त्याच सोमवारी मी 'वक्तशीरपणा सप्ताह' काढला होता. सकाळी सहाला मंत्रिमहोदय हिरवा झेंडा घेऊन तयार, मी नव्या सुटात, सनईसारखे ते नादस्वरमवाले गाल फुगवून, आणि गाडीला ड्रायव्हर नाही. वाजंत्री पाऊण तास वाजवून दमली. माणसं फलाटावर मावेनात. परीक्षेला निघालेली एक मुलगी माझ्या कोटाची बाही धरून रडायला लागली. मला तमिळ येत नाही, पण रडणं कळतं. सात वाजता पहिला ड्रायव्हर शेअर ऑटोतून उतरून धावत आला आणि त्याने धापा टाकत मला सलाम केला. तो सलाम डोळ्यांसमोरून जात नाही.

दुपारी फाईल मागवली. सातव्या पानावर वेळापत्रक विभागाच्या अप्पाजींचं टिपण, ताशीव अक्षरात: या गाडीने कर्मचारी येतात, बंद करू नये. आणि शेवटच्या पानावर माझी सही! अप्पाजी तंजावरकडचे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं मराठी बोलणारे, येत्या तीस तारखेला निवृत्त होणारे. ते दार लोटून हळूच म्हणाले, "टिपण लिहायाला मी विसरलों म्हणून चौकशींत सांगतों, सार. तुम्ही नवे." मामा, चौकशी लागली की त्यांची पेन्शन अडकणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सोमवारी अकराला मला चौकशी समितीपुढे उभं राहायचं आहे. अर्थात तिथे मी खरं तेच सांगणार. आपल्या घरचे संस्कारच तसे आहेत.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्यासाठी जमल्यास थोडा अंगारा.

तुमचा भाचा,
हेरंब

ता. क. : आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं, गाडी मीच चालवतो.

ता. क. दुसरा : वर संस्कारांचं लिहिलं ते प्रमोदिनी मागे उभी होती म्हणून. ती आता आत गेली. अप्पाजींना मी त्या दिवशी 'नको' म्हणालो नाही. नुसती मान डोलावली. सातवं पान फायलीतून काढून मी घरी आणलं आहे. 'संबंधित कर्मचाऱ्याने कल्पना दिली नाही' असं माझं निवेदनही टाइप करून तयार आहे. मला फार भीती वाटते आहे, मामा, आणि समितीची तेवढी नाही.

ता. क. तिसरा : पत्राचा फोटो तुमच्या नातवाच्या, संकेतच्या, मोबाईलवर पाठवतो आहे, सोबत उद्याचं तुमचं तिकीट. गुडघ्याचं कारण सांगू नका, खालचा बर्थ आहे. समितीच्या खोलीत तुम्हाला एक खुर्ची मिळेल असं मी बघतो. तुम्ही काही बोलू नका, नुसते समोर बसा. तुमच्या देखत मला खोटं बोलता येत नाही, एवढीच आता माझी मला खात्री आहे.