पऱ्हाटीतला बॅले

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आदिलाबादेत तुमची आठवण काढणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नसावं. मीही बँकेतून निवृत्त झाले. पण तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार अजून जशीच्या तशी आहे. तुम्ही खाली बसून हार्मोनियम वाजवताय, कुकरची शिट्टी झाली की चिडून थांबताय, आणि आम्ही दोघी मैत्रिणी फरशीवर वाकून नसलेला कापूस वेचतोय. शाळेच्या गॅदरिंगसाठी तुम्ही बॅले बसवत होतात. त्यात कृष्ण नव्हता, शब्द नव्हते; पऱ्हाटीत कापूस वेचायला गेलेल्या बायांचा एक दिवस होता, एवढंच. मी घुंगरू मागितले तेव्हा तुम्ही ओरडलात, "पऱ्हाटीत कोणी घुंगरू बांधून जाते का गं? पाय जड पडू दे!" धूनही तुम्हीच बांधलेली, चढत जायची आणि श्वास अडकल्यासारखी मधेच थांबायची.

गॅदरिंगला आधी सगळे गप्प होते. मग खुर्च्या सरकू लागल्या. मागून कुणी तेलुगूत ओरडलं, "पाट पेट्टंडी!" गाणं लावा म्हणे. पाहुणे उठले तसे हेडसर विंगेत धावत आले. "बाई, हे काय मांडलंय? पोरी नुसत्या वाकून उभ्या! बंद करा." तुम्ही मान वर केली नाही. शेवटी त्यांनीच पडद्याची दोरी ओढली. पडद्यामागं तुम्ही शेवटपर्यंत वाजवलंत, आणि आम्ही शेवटपर्यंत नाचलो. बाहेर तोवर सिनेमाचं गाणं सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी नाचाचा तास गेला, तुम्हाला भूगोल दिला. नंतर तुम्ही कावीळ होऊन गेलात. त्या मधल्या काळात मी तुम्हाला साधं गुणगुणतानाही ऐकलं नाही.

माझी ती मैत्रीण भीमपूरकडं दिली होती. ती गेल्या वर्षी वारली. परवा तिच्या सुनेला भेटायला गेले, तर ती शेतात होती. मी बांधावर पोचले, आणि वेचणाऱ्या बायांच्या तोंडी तुमची धून. तीच, मधेच थांबणारी.

"हे कुठं शिकल्या गं?"

"सासूबाई म्हनत जाय," सून म्हणाली. "जुनंच हाय ना ते, आजी-पणजीपासूनचं."

"नाही गं, आमच्या बाईंनी केलंय. याच्यावर नाच होता आमचा."

"याच्यावर नाच? काऊन चेष्टा करून राह्यल्या, मावशी!"

मी पिशवी बांधावर ठेवली आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात उतरले. वाकले, पाय आपटले, हात बोंडापर्यंत नेला. पुढचं आठवेना. तुमची धून आता या शेतांची झाली, ती जगेल. नाच मात्र माझ्या दुखऱ्या गुडघ्यांत उरलाय, आणि तोही अर्धाच. मी तशीच वाकून थांबले, तेव्हा बाया हसल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. सुनेनं हात धरून मला वर घेतलं.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून सांगते, बाई. त्यांच्याबरोबर मीही हसले.