भुजलीचं नाव

१६ ऑग., रेल्वेत

धानाचे रोवणे आटोपले, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून निघालो. नाहीतर मी कायले जातो कलकत्त्याले. यांनी गोंदिया स्टेशनवर सोडताना तीनदा सांगितलं, पर्स सांभाळ. तीस वर्षं कापड दुकानाचा गल्ला मी सांभाळून राहिली, आणि हे मले पर्स शिकवतात.

आम्ही तिघी. मी, भुजली, आणि शोभा मिलवाली. तिघी नवेगाव बांधच्या, एका वर्गातल्या. मी लग्नानंतर सडक अर्जुनीत पडली, भुजली गावातच राहिली, पोरगा तिचा कलकत्त्याले. शोभा गोंदियाच्या राइस मिलवाल्यांकडे गेली तेव्हापासून तिचं मराठी गेलं. अर्धं हिंदी, अर्धं मोबाइल. डोंगरगड येईपर्यंत फोटोच फोटो. सगळ्यात ती समोर, आम्ही मागे.

समोरच्या बर्थवर पुण्याची बाई. विचारते, "भुजली हे आडनाव आहे का हो?" शोभाले तेवढंच पाहिजे होतं. सगळं सांगून टाकलं. बाई म्हणे, "किती सुंदर लोकपरंपरा!"

लोकपरंपरा म्हणे. अवो, सहावीत होतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी बांधावर, तलावाच्या पाण्यात, भुजलीच्या टोपल्या शिरवल्या, गव्हाचे पिवळे कोंब हिने माझ्या कानावर खोचले, मी हिच्या. झालो भुजली. तेव्हापासून एकमेकीचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर नारळाचा दंड, आणि कोंब पुन्हा बदलायचे. नाही बदलले तर नातं मोडलं. सगळा येडेपणा.

पण एकेचाळीस वर्षांत घेतलं नाही. या वहीतही नाही.

१७ ऑग.

पोचलो. गर्मी आपल्यासारखीच, फक्त चिकट. भुजलीचा निलेश घ्यायला आला. पोरगा जाडा झाला. फ्लॅट अकराव्या माळ्यावर. खिडकी उघडली की दुसऱ्यांच्या खिडक्या, त्यांचे कपडे, त्यांच्या कुंड्या. भुजली म्हणते, "किती मोकळं वाटते वो इथं." मोकळं! हिच्या आंगणातून अख्खा बांध दिसते, आणि हिले इथं मोकळं वाटून राहिलं.

हिने घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ आणला, रेल्वेत मांडीवर धरून. तिच्या सुनेने डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला. "आई, आम्ही भात कमीच खातो." भात कमी खातात! मग जगतात कायच्यावर?

निलेशची पोरगी सात महिन्यांची. छोटी म्हणतात. गोड आहे. तेवढं एक खरं.

१८ ऑग.

गडियाहाटच्या बाजारात साड्या. एक दुकानदार हातमागाची म्हणून पॉवरलूम खपवून राहिला होता. मी पदर उलटा करून दाखवला, धागा दाखवला. तो हसला. मले हसायचं कारण नाही दिसलं. शोभाने तीच साडी घेतली. दोन रंगांत.

संध्याकाळी निलेश चहा घेऊन समोर बसला. मले तेव्हाच समजलं काहीतरी आहे, पोरं स्वतःहून चहा घेऊन बसत नसतात. म्हणे, "मावशी, आईला आता इथंच ठेवतो. बाबा गेल्यावर तिथं एकटी काय करणार?"

भुजली बशीतल्या बिस्किटाकडे पाहून राहिली होती. म्हणजे हिले माहीत होतं. नवेगावहून निघताना माहीत होतं! परतीची तिकिटं तिघींची, रेल्वेत अठरा-वीस तास बाजूला बाजू लावून, आणि एक शब्द नाही.

मी म्हटलं, चहात साखर कमी आहे.

१९ ऑग.

सुनेची नोकरी पुढल्या महिन्यात पुन्हा सुरू. अच्छा. म्हणजे आई नाही पाहिजे, आया पाहिजे.

भुजली छोटीले मांडीवर घेऊन दिवसभर. जे गाणं निलेशच्या वेळी म्हणत होती तेच. सूर तेव्हाही नव्हता. शोभा मंदिरात चल म्हणत होती, मी नाही गेली. पेपर वाचत बसली. बंगाली होता.

२० ऑग. शेवटचा दिवस

रात्रीची गाडी, म्हणून सकाळपासून कलकत्ता पाहणे. शोभाने यादी केली होती. भुजलीही आली. निलेश म्हणे, जा आई, मैत्रिणींसोबत फिरून घे. फिरून घे. जशी काही आम्ही मरून राहिलो.

ट्राम. शोभाले ट्रामच पाहिजे होती. आता एखाददुसऱ्याच रस्त्यावर चालते म्हणे. बसलो. बाजूने चालणारा म्हातारा आमच्या आधी पोचला.

व्हिक्टोरिया. संगमरवरच संगमरवर, राणी कधीची मेली, आणि बसायला एक बाकडं रिकामं नाही. गवतावर बसलो. फुचका खाल्ला. पाणीपुरीच आहे. शोभा म्हणे, "टेस्ट अलग है यार." चिंच जास्त, बाकी काही अलग नाही.

तिथंच झालं.

भुजली म्हणाली, "दोन दिवसांपासून तोंड फुगवून राहिली. बोलत काऊन नाही?"

"बोलायचं काय? आया पाहिजे होती त्याईले, भेटली."

शोभाने मोबाइल खाली केला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

भुजलीने द्रोण खाली ठेवला. मग म्हणाली, "तुले माहीत आहे मी संध्याकाळी कोनाशी बोलतो? टीव्हीशी. तू महिन्यातून एकदा येते. साड्यांचा गठ्ठा उतरवते, चहा पिते, गाव कसं भंगार झालं ते सांगते, अर्ध्या तासात बसस्टँडवर. मले इथं कोनीतरी हात धरून मागून राहिलं. तुले कायचा राग आहे? मी जाऊन राहिली याचा, का तुले चहा कोन देईल याचा?"

बरोबर होतं तिचं. म्हणून मी जास्त बोलली. म्हटलं, लंगोट धुशील, कुकर लावशील, आणि सुनेच्या मैत्रिणी आल्या की आतल्या खोलीत बसशील. हे असंच बोलली. लिहून ठेवतो, म्हणजे मागून नाही म्हणता येणार नाही.

ती उठली. साडीचं गवत झटकलं.

शोभाची यादी संपली नव्हती. हावड्याचा पूल पाण्यातून पाहायचा होता, म्हणून टॅक्सीने घाटावर. पिवळी टॅक्सी, आत गुटख्याचा वास, तिघी मागे, ड्रायव्हर एकटाच बोलून राहिला. घाटावर लाँच लागलेली, उतरणारे आणि चढणारे एकमेकांच्या अंगावर. भुजली पुढे पुढे चालली. आमच्यासाठी थांबायचं नाव नाही.

मी हाक मारली, भुजले.

मग जोरात मारली.

तिने ऐकलं. मले तिची पाठ माहीत आहे. सहावीपासून त्या पाठीमागे चालून राहिली मी. ऐकलं की डावा खांदा हलते. हलला. पण वळली नाही.

तेव्हा मी नाव घेतलं. माहेरच्या आडनावासकट, गुरुजी हजेरीत घेत तसं.

चुकून नाही. गर्दीत ती हरवेल म्हणून घाबरून नाही. ती समोर दिसून राहिली होती. मुद्दाम घेतलं.

ती वळली. सगळ्या गर्दीतून उलटी चालत माझ्याजवळ आली. पदरानं गळ्याचा घाम पुसला. म्हणाली, "झालं?"

बस. इतकंच.

लाँचमध्ये तिघी एका बाकड्यावर. पूल पाहिला. लोखंड आहे. लोक लोखंडाचे फोटो काढून राहिले होते. शोभाने नाही काढला.

स्टेशनवर भुजली आली नाही. निलेश आला. "आईचं डोकं दुखते, मावशी." तिच्या तिकिटाचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पोळ्यांचा डबा दिला, भुजलीनेच बांधलेला. दोन पुड्या. माझ्या पोळ्या वेगळ्या, कोरड्या. मले तुपाची चालत नाही.

२१ ऑग.

भुजलीच्या बर्थवर खरगपूरले एक माणूस चढला. चपलांसकट झोपला. शोभा त्याच्याशी भांडली, हिंदीत, चांगली भांडली. मग माझ्याकडे पाहून म्हणे, "तूने ग़लत किया." म्हटलं, तू साड्या पाहा तुझ्या, एका धुण्यात रंग जाईल.

पोळ्या खायच्या नाही ठरवलं होतं. रायपूरनंतर एक खाल्ली.

घरी पोचली. यांनी विचारलं, कसं होतं कलकत्ता? म्हटलं, पाहण्यासारखं काही नाही.

माझ्या सुनेने नागपंचमीला टोपलीत गहू पेरले होते, आतल्या खोलीत अंधारात, वर दुसरी टोपली झाकून. उघडून पाहिलं. नखाएवढे कोंब, पिवळे. बरोबर पेरले. सुनेले म्हटलं, पाणी जास्त झालं.

२४ ऑग.

दुकान. एक बाई दोन तास चाळीस साड्या उलगडून निघून गेली, "नवऱ्याले विचारून येतो." नवऱ्याले विचारून येणारी बाई आजपर्यंत परत आली नाही. हायवेवर ट्रक उलटला म्हणून दुपारभर गाड्या तुंबल्या, त्यातले लोक दुकानाच्या पायरीवर बसले. एकानेही काही घेतलं नाही.

फोन हातात घेतला. त्यातही 'भुजली' असंच आहे. ठेवून दिला. मी कायले करू? तिनं करावा. चूक कोनाची? माझी. तरी तिनं करावा.

२६ ऑग.

नवेगावला गेली. यांना सांगितलं, वसुलीला जातो. गठ्ठा नेला नव्हता, यांनी पाहिलं.

भुजलीचं घर कुलूपबंद. आंगणात शेजाऱ्यांच्या कोंबड्या, तुळशीत गवत. पायरीवर बसली. समोर बांध भरलेला, डोंग्यातून दोघं जाळं ओढून राहिले होते. शेजारची म्हातारी काठी टेकत आली. "कधी येते वो ते?" म्हटलं, मले काय विचारता, मी काय तिची सोयरी आहो?

म्हातारी म्हणे, "तू तिची भुजली ना वो?"

अर्धा तास बसली. चहा नाही, बोलायला कोणी नाही. अर्धा तास इतका लांब असते हे मले माहीत नव्हतं.

तुळशीतलं गवत उपटलं. कोंबड्या हाकलल्या. निघाली की पुन्हा आल्या असतील.

२८ ऑग., राखी

भाऊ येऊन गेला. त्याच्या बायकोने राखीचं ताट बघून नाक मुरडलं. मुरडू दे.

दुपारी फोनवर फोटो. भुजलीचा. खाली एक ओळ नाही, नमस्कार नाही, काही नाही. फ्लॅटची बाल्कनी, दोरीवर छोटीचे लंगोट, आणि खाली प्लास्टिकच्या टबात गव्हाचे कोंब.

हिरवे!

हिरवेगार! भुजल्या कधी हिरव्या असतात का? अंधारात ठेवाव्या लागतात, झाकून, तेव्हा पिवळ्या येतात. हे सहावीतल्या पोरीले समजते. ही बया उन्हात ठेवून बसली, शोभेच्या झाडासारख्या. अकराव्या माळ्यावर राहून अक्कल गेली. आणि माती कुठली? कुंडीतली असेल. आणि गहू? दुकानातले. इथं घरी कणगीभर पडले आहेत.

बोटभर आल्या. म्हणजे आम्ही निघालो त्याच्या एखाद्या दिवसातच पेरल्या.

उद्या भुजल्या शिरवायच्या. तिच्या त्या हिरव्या ती कुठं शिरवणार? टब घेऊन त्या घाटावर जाणार? कोणाच्या कानावर खोचणार? सुनेच्या? शोभाले फोन केला. म्हटलं, हावड्याची गाडी उद्या सकाळी गोंदियाले लागते, स्टेशनवर एक चक्कर मारशील का? म्हणे, "उसने आने का बोला क्या?" म्हटलं, नाही. "फिर?"

फिर काय फिर. विचारलं फक्त. जाते म्हणाली.

सुनेले सांगून ठेवलं, उद्या टोपली मी डोक्यावर घेऊन नवेगावला जातो, तू संग चल. अर्धे कोंब मी सांगेपर्यंत पाण्यात सोडायचे नाही. सून म्हणे, "किती वेळ थांबायचं आई?" मी चप्पल घातली.

चौकातल्या दुकानातून नारळ आणला. हलवून पाहिला, आत पाणीच नाही. परत नेऊन दिला. म्हटलं, चांगला दे, दंडाचा आहे.