निळ्या दरीचा तळ

दादा,

हे पत्र टाकणार कुठे, हे विचारू नकोस.

समुद्रातल्या निळ्या दरीला तळच नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. तिथे बुडालेला माणूस मरत नाही, खाली खाली जातो आणि एक दिवस पलीकडून वर येतो. तुझी होडी तिथेच गेली, म्हणून आई रडली नाही. दरीत गेलेल्यांच्या ठेवतात तशा तिने तुझ्या चपला दाराबाहेर ठेवल्या, टाचा रस्त्याकडे करून. रोज धूळ झटकायची. म्हणायची, "येईल. पहिल्यापासून रेंगाळतच येतो मेला."

आमच्या कचेरीतल्या नकाशांवर दरीची जागा कोरीच असायची. काल मोजणीचं जहाज परत आलं. त्यांची दोरी तळाला टेकली, दादा. दोरीला बांधलेल्या वजनाच्या बुडाला चरबी लावतात, तळाचं काहीतरी चिकटून यावं म्हणून. त्या चरबीत धारदार खडे रुतले होते, मी बघितले. मग साहेबांनी खोलीचा आकडा माझ्यापुढे ठेवला आणि मी तो नकाशात भरला. अक्षर चांगलं आलं, याचाच राग येतोय.

घरी चकार शब्द काढायचा नाही असं ठरवून आले. पण धक्क्यावरची बातमी माझ्याआधीच पोचली होती. आईने मला जेवायला वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "खाली मऊ आहे का गं?"

"लोण्यासारखं," मी म्हटलं.

ती उठली आणि तुझ्या चपला आत घेऊन आली.

तुझी,
धाकटी