देवानंद सरांच्या दहा जागा

७ एप्रिल २००३, सोमवार. चामोर्शी.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एस.टी.तून उतरलो. वरोऱ्याहून चंद्रपूर, तिथं गाडी बदलून इथवर. सोबत एक पेटी, एक वळकटी आणि माझा पेचकसांचा डबा. कॉम्प्युटर सेंटरचे मालक सुरेंद्रभाऊ स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. अठ्ठेचाळीस वर्षांत मला कोणी घ्यायला येण्याचा हा पहिलाच प्रसंग, म्हणून वेळ टाकून लिहून ठेवतो. तर्री-पोहे खाऊ घातले. म्हणाले, सर, आता हे सेंटर तुमचंच समजा.

सर. मी दहावी नापास. रेडिओ दुरुस्तीवरून टीव्हीवर आलो, टीव्हीवरून कॉम्प्युटरवर. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. कोणी शिकवलं नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

पुढे झेरॉक्स आणि फोनचा बूथ, मागे सहा मशीन. टायपिंगला साधनाबाई आहेत, झाडलोट आणि चहापाण्याला ठमाबाई. दारावरच्या पाटीवर अजून आधीच्या सरांचं नाव आहे, देवानंद. ते गडचिरोलीला नोकरीवर लागले. पेंटर आला की तुमचं टाकू, असं भाऊ म्हणाले. संध्याकाळी घरी फोन केला. गोकुळा तिकडून पोरीला ओरडून सांगत होती, आचल, तुह्या बाबाले सर म्हणून राह्यले तिकडं. ऐकून बरं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार.

चहात साखर कमी टाका म्हटलं, तर ठमाबाई म्हणाली, देवानंद सर तं असाच घेत होते. प्रिंटरचा रोलर साफ केला, तर साधनाबाई म्हणाल्या, देवानंद सर दर शुक्रवारी करत. आज शुक्रवारच होता. आज दिवसभरात त्यांचं नाव किती वेळा ऐकलं ते कागदावर रेघा मारून मोजलं. सतरा.

कोपऱ्यातलं सहावं मशीन जुनं आहे. त्यावर एक गेम आहे, त्याची सीडी देवानंद सरांनी नागपूरहून आणली होती. सीडीवर त्यांच्याच अक्षरात 'बंगला' लिहिलंय. एका रिकाम्या बंगल्यात आपण फिरायचं, खोलीमागून खोली उघडायची, प्रत्येक खोलीत एक कोडं. मारामारी नाही की माणूस नाही. दुपारी देवानंद सर खेळायचे आणि अर्धं गाव मागे उभं राहून बघायचं. ते गेले आणि गेम सुरूच होईना. मी म्हटलं, पाहतो. साधनाबाई हसल्या. म्हणाल्या, राहू द्या सर, ते त्यांनाच जमे, आपल्याच्यानं नाई होत.

आपल्याच्यानं म्हणजे कोणाच्यानं, ते मला समजलं.

१५ एप्रिल, मंगळवार.

दुपारी एक ते चार लाइट असते, पण उन्हामुळे कोणी येत नाही. तीच माझी वेळ. चार दिवस लागले. दोष तीन होते.

पहिला: मशीन म्हणे मेमरी पुरत नाही. मेमरी आठ एमबी, म्हणजे भरपूर. पण त्या जुन्या काळातले गेम पहिल्या ६४० केबीतच जागा मागतात, आणि तिथं माउसचा अन् सीडीचा प्रोग्राम पाय पसरून बसले होते. त्यांना वर सरकवणारी वेगळी फ्लॉपी बनवली. ५७४ केबी मोकळी होती, ६०३ झाली. दुसरा: साउंड कार्ड आणि प्रिंटर, दोघांना एकच नंबर दिलेला, सात. साउंडला पाच दिला. तिसरा: सीडी ड्राइव्हच्या भिंगावर धूळ. कापूस आणि स्पिरिट.

तीन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर बंगला उघडला. मी साधनाबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, अरे वा, देवानंद सर असते तं किती खूश झाले असते.

१९ एप्रिल, शनिवार.

गेममध्ये खूण ठोकून ठेवायच्या दहा जागा आहेत. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतं. दहाही भरलेल्या. एकापासून दहापर्यंत, ओळीनं, देवानंद, देवानंद, देवानंद. दहावी उघडून बघितली. स्वारी शेवटच्या खोलीपर्यंत पोचून अडकली होती.

मी पहिल्या खोलीपासून सुरू केलं. पहिलं कोडं घड्याळांचं, अकरा मिनिटांत सोडवलं. खूण ठोकायला जागा नाही. कोणाची तरी पुसून त्यावर आपली टाकायची. खरं लिहितो: त्यांच्या दहाही खुणा फ्लॉपीवर काढून ठेवता आल्या असत्या. दोन मिनिटांचं काम. मी काढल्या नाहीत. एक नंबरवर 'केवळराम' टाइप केलं आणि एंटर मारलं. तसा आनंद मला पहिला रेडिओ वाजवला तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत तीन जागा माझ्या.

२४ एप्रिल, गुरुवार.

पाच जागा माझ्या. आज नावाच्या रेघा चार.

चार का, हे समजेना. साधनाबाईंना मुद्दाम विचारलं, देवानंद सर चहा कोणत्या कपात घेत? त्या आठवून म्हणाल्या, असंल कोणत्या तरी. भिंतीवर मागच्या बॅचचा फोटो आहे. मधल्या खुर्चीवर ते बसलेले होते, मी पहिल्या दिवशीच नीट बघून ठेवले होते. चेहरा आता पुसट झालाय. बाकी पोरांचे चेहरे स्वच्छ.

ऊन लागून फोटो उडतात. पण एकच चेहरा उडत नाही.

लिहायला लाज वाटते, पण मी दुपारी लगेच सहावी खोली काढली.

२८ एप्रिल, सोमवार.

आज स्वतः देवानंद सर आले. उंच, चाळिशीचे, पांढरा शर्ट. फोटोवरून ओळखलं. सुरेंद्रभाऊ काउंटरवर होते, त्यांनी विचारलं, काय पायजे, झेरॉक्स का? ते हसले. त्यांना वाटलं भाऊ गंमत करून राह्यले. म्हणाले, काऊन भाऊ, महिन्याभरात विसरले का मले? भाऊंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आपण चुकून आपल्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतो.

ते आत येऊन सहाव्या मशीनपाशी उभे राहिले. पडद्यावर मी सातव्या खोलीत होतो. त्यांनी मला नमस्कार केला, सीडी चालू केल्याबद्दल शाबासकी दिली. शाबासकी. मला. वर म्हणाले, साउंडचा नंबर पाच दिला असंल, मलेही तेच सुचलं होतं, वेळ नाई भेटला.

ते गेल्यावर सातवी जागा भरली.

३ मे, शनिवार.

नववी जागा भरली. रेघा शून्य.

दुपारी दोन वाजता ते परत आले. शर्ट तोच. ठमाबाईला पाणी मागितलं, ती त्यांच्या अंगावरून झाडू घेऊन गेली. ऑफिसात हजेरीवर त्यांचं नाव नाही म्हणे. घरमालकानं खोली दुसऱ्याला दिली. हे त्यांनी मला सांगितलं, कारण मी एकटाच त्यांच्याकडे बघत होतो. मग विचारलं, तुमी तं ओळखता ना मले?

पडद्यावर नऊ वेळा माझं नाव होतं आणि खाली एकदा त्यांचं.

मी म्हटलं, नाही ओळखत.

मान खाली घालून मी की-बोर्डची धूळ पुसत राहिलो.

५ मे, सोमवार.

शेवटची खोली म्हणजे एकाखाली एक तीन तलाव, प्रत्येकाला पाणी सोडायचं दार. वरचं दार आधी उघडलं की खालची पाळ फुटते आणि आपण बाहेर फेकले जातो. देवानंद सर इथंच बुडाले. माझा बाप तलावावर मासे धरायचा. मी पाहिलंय कसं करतात: सगळ्यात खालचं दार आधी उघडायचं आणि थांबायचं. स्वच्छ पाणी जाऊ द्यायचं. गढूळ यायला लागलं की तळ आला, मग मधलं. पुन्हा गढूळ, मग वरचं. सारी करामत थांबण्यात आहे. हे कोणत्या पुस्तकात नाही.

सव्वाबारा मिनिटं थांबलो. दार उघडलं. दहाव्या जागेवर माझं नाव टाकलं.

पळत साधनाबाईंकडे गेलो. म्हटलं, देवानंद सरांना जमलं नाही ते मी केलं. त्या म्हणाल्या, कोन देवानंद सर? सेंटर सुरू झालं तवापासून तं तुमीच आहात.

ज्याला हरवलं त्याला ओळखणारं कोणी उरलंच नाही.

९ मे, शुक्रवार.

पेंटर आला. पाटीवर माझं नाव. खालचं जुनं नाव खरवडायला लागेल म्हटलं, तर पेंटर म्हणे, इथी काहीच नाई साहेब, कोरी पाटी आहे.

उद्यापासून नात्यातल्या लग्नासाठी वरोऱ्याला आठ दिवस.

१९ मे, सोमवार.

परत आलो. सकाळच्या बॅचला नवीन मॅडम ठेवल्या आहेत, चंद्रपूरच्या नाजिया मॅडम. हुशार आहेत, स्वभाव चांगला. मी नव्हतो त्या आठ दिवसांत सहावं मशीन बसून होतं, म्हणून त्यांनी 'बंगला' लावला. माझी फ्लॉपी वापरून. घड्याळांचं कोडं सात मिनिटांत सोडवलं, असं साधनाबाई कौतुकानं सांगत होत्या.

सात. माझी अकरा.

त्यांनी स्वतः होऊन सांगितलं, सर, जागा सगळ्या भरलेल्या होत्या, म्हणून वरच्या चार वापरल्या, चालंल ना?

मी यादी बघितली. नाजिया, नाजिया, नाजिया, नाजिया. मग केवळराम.

त्यांना काही माहीत नाही. मला माहीत होतं, तरी मी केलं.

२१ मे, बुधवार.

ठमाबाईनं सगळ्यांना चहा दिला. माझ्यापुढे कप नाही. सहा जागा गेल्या.

मॅडमना म्हटलं, खेळू नका. त्या म्हणाल्या, बरं. पाच मिनिटांनी बसल्या. विचारलं तर म्हणतात, तुमी कवा म्हटलं?

माझ्या चार खुणा फ्लॉपीवर काढल्या. फ्लॉपी उघडली तर फायली चार, आकार शून्य. दुसरी फ्लॉपी. शून्य. मशीन फोडावं तर माझ्या खुणाही त्यातच आहेत. मॅडमच्या खुणांवर माझं नाव टाकून बघितलं. अक्षरं दाबतो, पडद्यावर उमटत नाहीत —

२२ मे, गुरुवार.

घरी फोन. गोकुळानं उचलला. मी बोलतोय म्हटलं. म्हणे, कोन बोलून राह्यले जी? मी नाव सांगितलं. मागून आचलनं विचारलं, कोन आहे व आई? गोकुळा म्हणाली, कोन जाने, राँग नंबर.

जी म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं.

आठ.

२३ मे, शुक्रवार.

नऊ गेल्या. पाटी कोरी. रंगाचा वास मात्र येतो.

मॅडम तलावांपाशी अडकल्या आहेत. वरचं दार आधी उघडतात. पाळ फुटते. पुन्हा तेच. त्या अडकून राहिल्या तर दहावी जागा माझी राहते. एवढ्यावर मी जगू शकतो. एका जागेपुरता. साधनाबाईंना आज माझ्या खोकल्याचा आवाज आला, त्यांनी वळून बघितलं —

२६ मे, सोमवार.

मॅडमनी गेम सोडला. उद्या सीडी काढून कपाटात ठेवणार म्हणाल्या. म्हणजे मी वाचलो.

मग सुरेंद्रभाऊ म्हणाले, जाऊ द्या मॅडम, हे कोणालेच नाई जमलं आजवर.

साधनाबाई म्हणाल्या, हो, कोणालेच नाई.

कोणालेच नाही.

सव्वाबारा मिनिटं. गढूळ पाणी. बापाचा तलाव. कोणालेच —

दुपारी कागद घेतला. खालचं दार आधी, थांबा, गढूळ झालं की मधलं. सगळं लिहिलं. सुवाच्य. वेळेसकट. खाली नाव लिहिलं तर दिसत नव्हतं. दोनदा लिहिलं. कागद की-बोर्डखाली ठेवला, कोपरा बाहेर.

काय होणार ते मला माहीत आहे. पण कोणी तरी विचारेल, हे कोणी लिहिलं.

२७ मे, मंगळवार. दुपारी.

कागद मिळाला त्यांना. वाचतायत.

खालचं उघडलं. थांबल्या. बरोबर थांबल्या, अगदी —

गढूळ. मधलं. मी मागे उभा राहून लिहितोय. हात वहीवर नीट दिसत नाही.

वरचं. दार उघडलं. टाळी वाजवली. यादी उघडली, दहा नंबर. नाव टाइप करायच्या आधी थांबल्या. कागद उचलून साधनाबाईंना दिला. विचारतायत, बाई, हे अक्षर कोनाचं जी? लई हुशार मानूस असंल.

साधनाबाई कागद उजेडात धरून बघून राह्यल्या. कपाळाला आठी. दीड महिना रोज माझं अक्षर बघितलंय त्यांनी. तोंड उघडलं. एका हातानं मॅडम टाइप करतायत, ना, जि — साधनाबाई, लवकर — म्हणतायत, हे तं आपल्या —